उपग्रह, कृपया लावू नये

मालांग, ९ फेब्रुवारी १९८५

मुल,

तू ज्या कंपनीत टायपिस्ट आहेस, ती आमच्या ‘कावाह’ बँडची नवी कॅसेट काढते आहे, तिची तू पाठवलेली कच्ची प्रत मिळाली. काल ती माझ्या केस कापायच्या दुकानात सगळ्यांनी मिळून ऐकली. शटर अर्धं खाली ओढलं, गिऱ्हाइकांना संध्याकाळी या म्हटलं आणि ‘कावाह’ चाहता संघाच्या साठ सभासदांपैकी चाळीसेक जण बाकावर, जमिनीवर, पायरीवर बसले. पहिली बाजू संपली तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

गिटार कुठे आहे? दहा गाण्यांत मोजून दोन ठिकाणी आहे, तीही शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं तशी. बाकी सगळं ते सिंथेसायझर. तू पाठवलेल्या फोटोत बघितलं, इस्त्रीच्या टेबलासारखं दिसतं. बँडचं नाव ज्वालामुखीच्या तोंडाचं आणि आवाज फ्रीजचा. सगळ्यात वाईट ते ‘उपग्रह’. त्यात गिटार नावालाही नाही. ट्रकवाला गुफ्रान म्हणाला, गिअर बदलताना गाडी बरी ओरडते. कॉलेजची दोन पोरं मात्र म्हणाली की परत लावा. त्यांना मी म्हटलं, परत ऐकायचं तर कॅसेट बाजारात आली की घरी ऐका.

बँडच्या गिटारवाल्या तोरोचं मला वाईट वाटतं. माझ्या या बाकावर बसून तो गिटार शिकला हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्याची आई अजून दोन घरं सोडून राहते. त्याला मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलं की असल्या गाण्यात तुझा हात नाही हे उत्तम झालं, निदान मालांगला तोंड दाखवता येईल, आणि पुढेही त्या गाण्याला हात लावू नकोस.

हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते कळव. अध्यक्ष म्हणून मला सभासदांना उत्तर द्यायचं आहे.

तुझा दादा,
हर्सोयो


जाकार्ता, १७ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. सगळी शाखा एकत्र बसून दुखवटा पाळते आहे असं वाटलं. सुपियाहवहिनींनी चहा तरी दिला का सगळ्यांना?

आता खरं सांगते, रागावू नकोस. मला ‘उपग्रह’ आवडलं. कामावरून चालत परत येताना पाय आपोआप त्या चालीवर पडतात. तुला हे पटणार नाही, म्हणून पुढचं लिहिते.

ही कल्पना आमच्या साहेबांची, पाक लुकमान यांची. नवी मुलगी हेरलिना आली आहे, ती पियानो शिकलेली आहे आणि ते टेबल तिचं. स्वभावाने बरी आहे, डब्यातलं सगळ्यांना वाटून खाते. तिने कुणाची गिटार पळवलेली नाही. तोरो रेकॉर्डिंगला रोज यायचा आणि कोपऱ्यात मासिक वाचत बसायचा. परवा ‘उपग्रह’वर शेवटचा हात फिरवताना हेरलिनाने त्याला विचारलं, तुला काही वाजवावंसं वाटतं का? तो नको म्हणाला. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

एक गोष्ट तुझ्या कामाची. साहेब दर सोमवारी मालांगच्या रेडिओ सेनाराची फर्माइशींची यादी मागवतात. म्हणतात, मालांगचे लोक वाईट बँडला चपला मारतात, तेव्हा त्यांनी जे पसंत केलं ते सगळ्या जावात खपतं. तुझ्या लोकांचं मत जाकार्ताला पोचवायचं असेल, तर ते त्या यादीतूनच पोचेल.

वहिनींना नमस्कार.

मुल्यानी


मालांग, २ मार्च

मुल,

तुझं पत्र मी सभासदांना वाचून दाखवलं, चालीवर पाय पडतात तेवढं वगळून.

काम सुरू झालं आहे. सेनाराची कार्डं तुला आठवत असतील, तू शाळेत असताना दर आठवड्याला एक आणायचीस. वरच्या ओळीत गाणं, मधल्या ओळीत कुणासाठी, खाली कुणाकडून आणि निरोप. संघाने ठराव केला की प्रत्येक सभासदाने दर आठवड्याला एक कार्ड टाकायचं. म्हणजे आठवड्याला साठ. असा ठराव या शहरात कुणी केला नसेल. पहिला गठ्ठा मी स्वतः रेडिओ स्टेशनवर नेला. कार्डं मोजणारे पाक सलेह अजून तिथेच आहेत, तोच स्वेटर, तीच बिस्किटांची टोपली. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, बोटं ओली करून मोजला आणि म्हणाले, “एवढं प्रेम?”

मी म्हटलं, “असंच समजा.”

कार्डांवर काय लिहिलं ते तुला आत्ता सांगत नाही. यादी हातात आली की तुझ्या साहेबांचं तोंड बघ आणि मला कळव.

सुपियाह मजेत आहे. वॉर्डाच्या सभागृहात मंगळवारी बायकांचे व्यायामाचे वर्ग निघाले आहेत, तिथे जाते. आल्यावर दोन ताटं भात खाते, मग व्यायाम कशासाठी ते मी विचारलं नाही.

हर्सोयो


जाकार्ता, २० मार्च

दादा,

तू इतक्या लवकर विरघळशील असं वाटलं नव्हतं. सेनाराच्या यादीत ‘उपग्रह’ सलग तिसऱ्या आठवड्याला पहिलं आहे. दुसऱ्या नंबरपेक्षा चौपट कार्डं. साहेबांनी सगळ्या ऑफिसला मीटबॉलचं सूप मागवलं. मला बोलावून विचारलं, “मालांगची तू ना? तुझ्या लोकांचे कान चांगले आहेत.” मी हो म्हटलं.

पण एक वाईट बातमी आहे आणि ती मी तुला सांगितली असं कुणाला कळता कामा नये. तोरोचा करार एप्रिलमध्ये संपतो. साहेब तो वाढवणार नाहीत. म्हणाले, “मालांगला गिटारशिवाय चालतं, तर कुणालाही चालेल.” पुढच्या कॅसेटमध्ये गिटारच नाही. त्याला द्यायचं पत्र मी स्वतः टाइप केलं, तीन ओळींचं. ते टेबलावर आहे, सही सोमवारी १५ एप्रिलला होणार. तोरोला अजून काही माहीत नाही. परवा आला, माझ्याकडून टाचणी मागून घेतली आणि गिटारच्या पट्ट्याला लावली.

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. तो गेला तर जाईल कुठे? गेली अकरा वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नाही.

मुल्यानी


मालांग, २७ मार्च

मुल,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली.

कुणी विरघळलं नाही. कार्डांवर वरच्या ओळीत आम्ही ‘उपग्रह’ लिहिलं आणि खाली निरोपाच्या जागी, ‘कृपया हे गाणं लावू नये.’ मी स्वतः नमुना करून भिंतीवर लावला होता, आरशाच्या बाजूला, म्हणजे दाढी करून घेताना पाठ होईल.

तुझं पत्र आल्यावर दुकान बंद करून स्टेशनवर गेलो. पाक सलेह टोपलीतून कार्डं काढून ढीग करत होते. मी विचारलं, निरोप कोण वाचतं? ते म्हणाले, “निवेदिका वाचते, वेळ उरला तर. मी वरची ओळ बघतो आणि ढिगात टाकतो. बावीस वर्षं असंच चाललंय.”

मी म्हटलं, “पण खाली ‘लावू नये’ लिहिलंय.”

त्यांनी चष्मा वर केला. “मग गाण्याचं नाव कशाला लिहिलंत? जे नको त्याचं कार्ड कुणी टाकतं का? न टाकणं हेच नको.”

कार्डाची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी साठ माणसांना हे करायला मीच लावलं. तोरोला बँडबाहेर मी काढतो आहे, तेही त्याची बाजू घेऊन. त्याची आई सकाळी मिरच्या निवडत ओट्यावर बसलेली असते. मी आता दुसऱ्या गल्लीने दुकानात येतो.

काय करायचं ते सांग.

हर्सोयो


जाकार्ता, २ एप्रिल

दादा,

हसायचं नाही असं ठरवलं तरी मी अर्धं मिनिट हसले, मग रडले. आता काम.

पुरावा हवा. माझ्या सांगण्यावर साहेब विश्वास ठेवणार नाहीत, त्यांना कागद लागतो. ती कार्डं स्टेशनवर असतील तर माग आणि रजिस्टरने माझ्या नावावर पाठव. १२ तारखेच्या आत पोचली पाहिजेत. मी त्यांच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, मालांगहून आली.

घाई कर.

मुल


मालांग, ६ एप्रिल

मुल,

कार्डं मिळाली. जुनी कार्डं पाक सलेह तळणीवाल्याला देतात, तो त्यात केळ्याची भजी बांधतो. पाच आठवड्यांची थैली दारातच ठेवली होती, उद्या गेली असती. मी घरी आणली आणि फरशीवर ओतली.

आता जे लिहितो ते तूच वाच.

‘उपग्रह’ची एकूण ४३१ कार्डं. त्यातल्या ‘लावू नये’ लिहिलेल्यांची संख्या ३८. पहिल्या आठवड्याची बावीस, मग नऊ, मग चार, मग दोन. शेवटच्या आठवड्याचं एक, ते माझं. साठ सभासदांपैकी बाकीच्यांनी ठरावाच्या दिवशी हात वर केला होता आणि घरी गेले होते. काहींनी कार्ड टाकलं, पण खाली दुसरंच लिहिलं. गुफ्रानचं कार्ड आहे. त्यात लिहिलंय, ‘केदिरीच्या चढावर रात्री हेच गाणं जागं ठेवतं, आभार.’ हा तो गिअरवाला गुफ्रान.

उरलेली खरीच फर्माइशीची आहेत. नर्सिंगच्या मुली, सफरचंदाच्या बागेतले मजूर, बसस्थानकातला घोषणा करणारा, वॉर्डाच्या सभागृहातल्या बायका. एकीने लिहिलंय, ‘दुकानातल्या माणसासाठी. एकदा नीट ऐका.’ खाली नाव सुपियाह. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. ती तेव्हा आत भाजी परतत होती. मी कार्ड खिशात ठेवलं आणि जेवायला बसलो.

म्हणजे माझी अडतीस काढून टाकली तरी गाणं पहिलंच राहतं. तोरोला मी घालवलेलं नाही, मालांगने घालवलं. याने बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

सोबतच्या पाकिटात अडतीस कार्डं आहेत. बाकीची धुतलेल्या टॉवेलांच्या कपाटात आहेत आणि तिथेच राहतील. हा खोटेपणा आहे हे मला कळतं. तुलाही कळावं म्हणून लिहिलं. ठेवायची की नाही ते तू ठरव.

हर्सोयो


जाकार्ता, १६ एप्रिल

दादा,

ठेवली.

साहेबांनी अडतीसच्या अडतीस वाचली. शेवटच्या पाच-सहांपर्यंत त्यांचा रंग उतरला होता. म्हणाले, “हे सगळे असेच आहेत?” मी म्हटलं, “ही आली, ती ठेवली.” खोटं बोलले नाही, पण खरं बोलल्यासारखंही वाटलं नाही. ते म्हणाले, हे लोक वेडे आहेत, उद्या स्टेजवर चपला येतील. तीन ओळींचं पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं. तोरोचा करार एक वर्षासाठी वाढला. त्याला आधीचं काहीच माहीत नसल्यामुळे त्याने सही केली आणि टाचणी परत दिली.

दौरा मालांगपासून सुरू होतो. उपवासाचा महिना लागायच्या आधी, शनिवारी ११ मे, दुपारी तीन वाजता, क्रीडागृहात. ‘उपग्रह’ आहे तसंच वाजणार आहे, त्यात बदल नाही.

कपाटातल्या कार्डांचं तू लिहिलंस, ते पत्र मी ठेवलेलं आहे. तू एकटा नाहीस एवढ्यासाठी.

मुल


मालांग, १३ मे

मुल,

सगळं व्यवस्थित पार पडलं. चप्पल एकही आली नाही.

आम्ही पुढच्या चार रांगा धरल्या होत्या. जुनी गाणी आली, तोरोने ती चांगली वाजवली. लोक हाताची घडी घालून ऐकत होते, वाढदिवसाला आलेल्या शिक्षकाचं भाषण ऐकतात तसे. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. मग हेरलिनाने एक बोट ठेवलं, एक सूर निघाला, आणि सगळं क्रीडागृह उभं राहिलं. नर्सिंगच्या मुली खुर्च्यांवर चढल्या. गुफ्रानने माझ्याकडे एकदा बघितलं, म्हणाला, “अध्यक्ष, माफ करा,” आणि तोही उभा राहिला. सुपियाह बायकांच्या बाजूला हात वर करून होती. मंगळवारी काय शिकवतात ते मला तेव्हा कळलं.

तोरो स्टेजवर मधोमध उभा होता. गाण्यात त्याला काम नाही. आधी त्याने गिटारच्या खुंट्या पिळल्या. मग पट्टा सारखा केला. मग हात गिटारवर ठेवून दिले. चार हजार माणसं गात होती आणि ती सगळी त्याच्या गावची होती. चार मिनिटं. मी घड्याळ बघत होतो.

काल सकाळी तो दुकानात आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, “सगळे काप.”

मी म्हटलं, “अकरा वर्षांचे आहेत.”

“म्हणूनच. डोकं दुखतं.” मी कापायला लागलो. मान खाली ठेवून तो म्हणाला, “दादा, एक विचारू? चार मिनिटं हात कुठे ठेवायचे असतात? आणखी एकोणीस शहरं आहेत.”

मी कात्री ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. ठराव, अडतीस, फाडलेलं पत्र, कपाट. तुझंही सांगितलं, ते सांगायला नको होतं. त्याने कपाट उघडायला लावलं. एक बाजू कापलेली, एक बाजू लांब, असा बसून त्याने सगळी कार्डं वाचली. दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. काही वाचून तो हसलासुद्धा. सुपियाहचं कार्ड मी आधीच काढून ठेवलं होतं.

शेवटी म्हणाला, “ही मी घेऊन जातो. उरलेले केस काप.”

तो तुमच्या ऑफिसात काय करेल मला माहीत नाही. तुझी नोकरी अडचणीत आली तर दोष माझा आहे, साहेबांना तसं सांग.

हर्सोयो


जाकार्ता, २० मे

दादा,

माझी नोकरी आहे. तोरोने माझं नाव घेतलं नाही.

तो बुधवारी आला. पहारेकऱ्याने त्याला आत सोडलं नाही, केसांमुळे ओळखला नाही. मी खाली जाऊन आणलं. त्याने थैली साहेबांच्या टेबलावर उपडी केली. साहेब म्हणाले, हे काय? तो म्हणाला, “माझ्या गावची पत्रं. तुम्हाला थोडीच मिळाली होती.” साहेबांनी मूठभर वाचली आणि त्यांचा रंग परत आला. म्हणाले, “मग गिटार कशाला ठेवायची?”

तोरो म्हणाला, “तेच विचारायला आलो होतो.”

करार दोघांच्या संमतीने रद्द झाला. कागद मीच टाइप केला, या वेळी चार ओळींचा. जाताना त्याने हेरलिनाला नमस्कार केला. ती रडत होती, तो नव्हता. दौरा त्याच्याशिवाय पुढे गेला. तो ईदपर्यंत गावी येईल.

कार्डं मी मोजली. ३९२ आहेत, ३९३ हवी होती. एक कुठे गेलं?

मुल


मालांग, २४ जून

मुल,

ईदच्या शुभेच्छा. वर्षभरात बोलण्यात, वागण्यात, पत्रांत माझं जे चुकलं त्याची माफी कर. दरवर्षी हे वाक्य मी सवयीने लिहितो, या वर्षी खरं लिहितो आहे.

हरवलेलं कार्ड सुपियाहचं. उपवासाचा महिनाभर ते माझ्या खिशात होतं. गेल्या आठवड्यात ते मी पाक सलेह यांना परत दिलं आणि म्हटलं, हे पुन्हा टोपलीत टाका. ते म्हणाले, तारीख जुनी आहे. मी म्हटलं, माणूसही जुनाच आहे.

तोरो आईकडे आला आहे. शनिवारी, ईदच्या तिसऱ्या दिवशी, नवा सदरा घालून माझ्याकडे आला. माफी धाकट्याने आधी मागायची म्हणून तो वाकला, माझा हात कपाळाला लावला आणि नेहमीचे शब्द म्हणाला. मला उलट त्याच्याकडे मागायची होती. मी नेहमीचं उत्तर दिलं. गिटार त्याने बरोबर आणली होती. बाकावर बसला, लहानपणी बसायचा तिथेच.

यादीची वेळ झाली. रेडिओ लावला. निवेदिकेकडे वेळ उरला होता, तिने निरोप वाचला. ‘दुकानातल्या माणसासाठी. एकदा नीट ऐका.’ सुपियाह केक घेऊन येत होती ती दारातच थांबली. मी आवाज कमी केला नाही.

आणि मग तोरो वाजवायला लागला. ‘उपग्रह’वर, मुल. मोठं काही नाही, सूर वर जातो तिथे खाली चार-पाच स्वर, थांबून थांबून. रेडिओतलं गाणं तेच होतं आणि तरी मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. गाणं संपलं तेव्हा मी विचारलं, “हे आत्ता सुचलं?”

“नाही. जानेवारीत. चाल पहिल्यांदा ऐकली त्याच दिवशी.” तो तारांवर हात ठेवून होता. “मला गाणं आवडलं होतं, दादा. एक-दोन जागा पक्क्या व्हायच्या होत्या. तोवर कोपऱ्यात बसून मासिकाआड बोटं चालवायचो. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या आठवड्यात वाजवून दाखवणार होतो. हेरलिनाने विचारलंही.”

“मग?”

“त्याच दिवशी सकाळी तुझं पत्र आलं होतं.”

सुपियाहने केकचं ताट बाकावर ठेवलं. ती म्हणाली, “किती छान बसतंय. कॅसेटवर का नाही हे?”

तोरोने माझ्याकडे बघितलं आणि केकचा एक तुकडा उचलला. ईद होती. मी कात्र्या धुवायला घेतल्या, त्या धुतलेल्याच होत्या.

हर्सोयो